झालरीचा पाय

आई, तुझा झालरीचा पाय अजून चालतो. शिलाई मशीनच्या सुईपाशी बसवायचा तो काळपट लोखंडी तुकडा. सुई खाली गेली की त्याचा दात कापडाला जरासा ढकलायचा आणि सपाट कापडाला एकेक चुणी पडत जायची. मशीन आजीची, पायही तिचाच. आजी गेल्यावर मावशीनं तुला न विचारता मशीन भोपाळला नेली, आणि तू खणातून हा पाय आधीच काढून रुमालात बांधून ठेवला होतास. एवढ्यावरून दोघी बहिणींचं बोलणं थांबलं. आपल्या रायपूरच्या बुढापाऱ्यातल्या घरात मावशीचा विषय निघाला, की तू उठून ओटा पुसायला लागायचीस. माझं लग्न झालं, मुलगी झाली, तरी ओटा पुसणं चालूच.

मग राज्य वेगळं झालं, रायपूर राजधानी झाली, आणि भोपाळच्या कितीतरी सरकारी नोकरांबरोबर मावशीच्या यजमानांचीही इकडे बदली झाली. मावशी शंकर नगरात राहायला आल्याचं बाबांनी सांगितलं, तेव्हा तू "येऊ दे," एवढंच म्हणालीस.

ती दुपार मला पाण्यातून पाहिल्यासारखी दिसते. तलावाकडून वारा येतो आहे, दाराचा पडदा फुगतो आहे. बाहेर सायकल रिक्षा थांबते. मांडीवर मशीन धरून मावशी बसलेली.

"ताई, हात लाव ना जरा. लय जड आहे."

तू उंबऱ्यातच. "काहून आणली?"

"नातीचा फ्रॉक शिवून राहिली म्हणे तू. झालर हातानं घालून राहिली म्हणे."

"कोणी सांगितलं तुले?"

"भाऊजींनी."

बाबा पेपरात तोंड घालून बसले होते. तू मशीनची एक बाजू धरलीस. मग आत गेलीस, ती इतका वेळ आलीच नाहीस, की मावशी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. आलीस तेव्हा हातात रुमाल होता.

मावशी हँडल फिरवते आहे, तू कापड धरते आहेस, पिवळी झालर तुमच्या मांड्यांवरून जमिनीवर उतरते आहे. भांडणाचा एक शब्द निघाला नाही, तेव्हाही नाही, पुढेही नाही. झालर मात्र फ्रॉकला लागली असती त्याहून कितीतरी लांब झाली. थांबायला कोणीच तयार नव्हतं.

तू गेल्यावर मी पाय मावशीच्याच मशीनला राहू दिला. आता तिला माणसं ओळखू येत नाहीत. मला ती ताई म्हणते. परवा उशीच्या अभ्र्याला झालर लावताना तिचा हात मध्येच थांबला.

"ताई, तुले न विचारता नेली होती मी मशीन. राग आहे का अजून?"

"मम्मी, ये ताई नहीं हैं," तिची सून समजवायला लागली. मी तिला नजरेनंच थांबवलं. तू काय म्हणाली असतीस ते मला खरंच माहीत नाही, आई. मी आपलं "नाही गं" म्हणून टाकलं.