मगनकाकांची गोळी

मंगळवार, संध्याकाळ

नर्सिंगचं पहिलं वर्ष, आणि आज वॉर्डात केवढी चूक होता होता राहिली! गोळी देताना एका गुजराती आजोबांना त्यांच्याच भाषेत विचारलं, "तमे मगनकाका ने?" ते म्हणाले, "हा, बेन." तेवढ्यात शिंदे सिस्टरांनी माझा हात धरला. मगनकाका शेजारच्या खाटेवर होते.

"नाव आपण सांगायचं नाही. पेशंटला सांगायला लावायचं."

पटलं. पण आजोबा 'हा' का म्हणाले? ऐकू तर नीट येतं. राहवेना, परत जाऊन विचारलं. ते हसले. "तू एवढ्या प्रेमाने विचारलंस बेटा, ना कसं म्हणू?"

कमाल आहे! दुसऱ्याची गोळी गिळतील, पण ना म्हणणार नाहीत.

घरात शिरताच आईने विचारलं, "जेवलीस ना दुपारी?"

"हो," म्हटलं. भरलेला डबा पिशवीतच होता.