अर्धीच ऐकलेली पोथी

आसेगाव, ता. १ फेब्रुवारी १९३४

प्रिय जगदेव,

सहा वर्षांनी पत्र आलेलं पाहून कारंज्याच्या कापसाच्या जिनातले लोक विचारतील, कोणाचं म्हणून. सांग, एका आडमुठ्या मित्राचं. इकडे ज्वारी बरी आहे. वाशीमच्या मिशन दवाखान्यात तुझ्या वहिनीच्या, सोजरबाईच्या, डोळ्यांचं ऑपरेशन झालं. आता तिला माझे सगळे दोष लख्ख दिसतात. तुझं शेत मात्र पडीक आहे. सावडीत आळीपाळीने कोणी माणूस-बैल दिला नाही तर एकट्याने शेती करायची कशी? तिकडून जाताना माझी मान खाली जाते.

बांधाच्या भांडणात तुझ्या वडिलांनी, दौलतरावांनी, माझं खळं पेटवलं, तेव्हा कणसं ओढताना माझा पाय भाजला. तूही माझ्याबरोबर आग विझवत होतास. दौलतरावांना सजा झाली, तरी माझं मन निवलं नाही. त्याच दवाखान्यात पडून होतो. तिथे मिशनच्या कस्तुराबाई रोज रोग्यांना बायबल वाचून दाखवत. एके दिवशी त्यांनी वाचलं, की एकाने लुटीतलं सोनं चोरून पुरलं आणि लोकांनी त्याच्याबरोबर त्याच्या पोराबाळांनाही दगडांनी मारलं. मला ते फार गोड लागलं. दुसऱ्याच दिवशी मी घरी आलो.

आपल्याकडे पोथी लावली की समाप्तीपर्यंत बसतात. मी मधूनच उठलो. या खेपेला सोजरबाईला घेऊन गेलो, तेव्हा कस्तुराबाईंनी मला ओळखलं. म्हणाल्या, "भाऊ, तुमी तं अर्धंच आयकून गेले होते." मग पुढचं वाचलं. बापाच्या पापाचा भार मुलाने वाहायचा नाही, ज्याचं त्याने भोगायचं. चारचौघांत मला रडू फुटलं रे.

तुझं घर सावडीतून गावाने काढलं, असं तू समजतोस. गाव तयार नव्हतं. पोराचा काय गुन्हा, असं गुलाबराव म्हणतही होते. मीच चावडीवर ती अर्धी गोष्ट सांगून सगळ्यांना वळवलं. काल तिथेच उभं राहून उरलेली सांगितली. दोघे उठून गेले. बाकीचे बसले, आणि गुलाबराव माझ्यावरच खेकसले, "मंग बलाव ना त्याले! काहून बसून राह्यला?"

म्हणून हे पत्र. पुढच्या गुरुवारी माझ्या खळ्यावर मळणी आहे. पहिल्यांदा बैल तू हाक. मग तुझं शेत आम्ही सगळे मिळून नांगरू. नाही आलास तरी मी तुला बोल लावणार नाही. माझ्यावर खुशाल राग धर, आयुष्यभर धर. फक्त माझ्या पोरांवर धरू नकोस.

तुझाच अपराधी,
रंगराव