दोघींनी मिळून लिहिलेला कागद

प्रिय अण्णा,

काल दुपारी काओरी येऊन गेली. दारातच तिने विचारलं, "अण्णा-सान कसे आहेत?" गेल्या वर्षी ते सगळे दुसऱ्या गावी राहायला गेले, त्यामुळे तुम्ही मार्चमध्ये आम्हाला सोडून गेलात हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मी नुसती मान हलवली आणि तिला कळलं. मग बूट काढून ती आत आली, तुम्ही बसायचात त्या खिडकीजवळच्या खुर्चीसमोर उभी राहिली आणि कमरेतून वाकली. रिकाम्या खुर्चीला, अण्णा!

ती जे सांगायला आली होती ते तुमच्यासाठी होतं. तुम्ही नाही म्हणून मी ऐकून घेतलं. पण ते माझ्याजवळ ठेवून कसं चालेल? म्हणून लिहायला बसले. पोस्टात टाकता येणार नाही, ठाऊक आहे.

तुम्ही इथे आलात ते २००५च्या फेब्रुवारीत. आई गेल्यावर मिरजेच्या घरात एकटे नको म्हणून मीच हट्ट केला होता. आयर्लंडमधलं हे कॅरिगलाइन पाहून तुम्ही म्हणालात, "अगं, इथे माणसं कुठायत?" पण आठवड्याभरात वाचनालय शोधलंत, तिथल्या बाईंशी ओळख केलीत आणि मुक्ताला शाळेतून आणायचं काम स्वतःकडे घेतलंत. चौतीस वर्षं इतिहास शिकवलेला माणूस शाळेपासून किती दिवस लांब राहणार!

मुक्ताच्या वर्गात काओरीची मुलगी होती आणि मिन-जंगची. एक जपानी, एक कोरियन. दोघींचेही वडील मुक्ताच्या बाबांसारखेच, आमच्या शिरीषसारखेच, रिंगास्किडीच्या औषध कारखान्यात. तिघी मुली सतत एकत्र. तुम्ही त्यांना "तीन चिमण्या" म्हणायचात आणि त्या तुमच्या मागे "चिमन्या, चिमन्या" ओरडत यायच्या.

एप्रिलमध्ये एक दिवस तुम्ही मुक्ताला घेऊन आलात तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. "दे आर नॉट टॉकिंग, आई. अॅट ऑल." वर्गशिक्षिका मिस ब्रेननने मुलांना 'आजी-आजोबा लहान होते तेव्हा' यावर लिहून आणायला सांगितलं होतं. मिन-जंगच्या मुलीने लिहिलं होतं, जपानी लोकांनी माझ्या आजोबांना सोळाव्या वर्षी गावातून नेऊन जपानमधल्या कोळशाच्या खाणीत घातलं आणि तिथे त्यांची दोन बोटं तुटली. काओरीच्या मुलीने ते भिंतीवर वाचलं आणि सगळ्या वर्गासमोर म्हणाली, "खोटं आहे. माझे बाबा म्हणतात, ते लोक पगारावर काम करायला आले होते."

दुसऱ्या दिवशी दोघींच्या आया एकमेकींना ओळख न देता फाटकातून गेल्या. मिस ब्रेननने दोघी मुलींचे कागद वर्गाच्या भिंतीवरून काढून टाकले.

मी म्हटलं, झालं, विषय संपला. तुम्ही मात्र सरळ मिस ब्रेननला भेटायला गेलात! मी लाजेने मेले होते. तुमचं ते सावकाश, शाळामास्तरी इंग्रजी: "मॅडम, भिंत कोरी केल्याने काय साधलं?" तुम्हाला वाटलं होतं ती चिडेल. ती खाली बघून म्हणाली, "माझे आजोबा आणि त्यांचा सख्खा भाऊ यादवी युद्धात एकमेकांविरुद्ध बंदुका घेऊन उभे होते. आमच्या घरी आजही त्यावर कुणी बोलत नाही. मला दुसरं काही सुचलंच नाही, सर."

त्या संध्याकाळी तुम्ही किती अस्वस्थ होतात! वाचनालयात तुम्ही पेपर वाचत होतात, त्यात जपानच्या पाठ्यपुस्तकांत युद्धातले अत्याचार गाळल्यावरून चीन-कोरियात मोर्चे निघाल्याच्या बातम्या होत्या. आणि एका कोपऱ्यात छोटीशी बातमी होती, की तिन्ही देशांतले अभ्यासक आणि शिक्षक मिळून एक पुस्तक लिहितायत. तुम्ही मला स्वयंपाकघरात येऊन सांगितलंत, "मंजू, ऐकलंस का? तिथले मास्तर एकत्र बसलेत! भांडत असतील, पण बसलेत. मग आपल्या गल्लीतल्या दोन बायका का नाही बसणार?"

आणि त्या बसल्या. आमच्याच जेवणाच्या टेबलावर. तुम्ही दोघींच्या घरी स्वतः जाऊन बोलावून आलात. आपल्याकडे आजोबांना कुणी नाही म्हणत नाही, त्यांच्याकडेही तसंच असावं.

तुमची पद्धत साधी होती. एक मोठा कागद, पुढे शाळेच्या त्या कोऱ्या भिंतीवर लावायचा. वर दोघींना मान्य असलेल्या गोष्टी. खाली तीन रकाने: एक मिन-जंगचा, एक काओरीचा आणि तिसरा 'आपल्याला माहीत नाही' असा. "एकीने बोलताना दुसरीने लिहायचं," तुम्ही सांगितलंत. त्यामुळे मिन-जंगच्या वडिलांची बोटं काओरीच्या अक्षरात कागदावर आली. ते लिहिताना तिचं पेन थांबलेलं मी पाहिलं.

पहिले दोन शनिवार बरे गेले. तिसऱ्या शनिवारी काओरीने पेन खाली ठेवलं. आवाज न चढवता म्हणाली, "माझा जन्म युद्धानंतर बावीस वर्षांनी झाला. मी कशाकशाची माफी मागायची? आणि अण्णा-सान, तुम्हाला हे सोपं आहे. तुमचं यात कुणी नव्हतं."

मी कपाटातून कप काढत होते. मला वाटलं, आता तुम्ही उठाल आणि बैठक मोडेल.

तुम्ही म्हणालात, "माझा मोठा भाऊ होता."

मी वळून बघितलं. तुम्हाला भाऊ होता? आत्या माहीत होती. भावाचं नाव मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

तुम्ही त्या दोघींना सांगत होतात आणि मी कप हातात धरून ऐकत होते. तुमचा गणूदादा एकोणिसाव्या वर्षी फौजेत गेला. सिंगापूर पडलं तेव्हा जपान्यांच्या हाती लागला. तिथून त्याला जहाजात घालून दूरच्या कुठल्या तरी बेटावर नेलं, एवढंच परत आलेल्या एका सोबत्याने सांगितलं. मागे राहिली एक तार: बेपत्ता. तुमच्या आईने त्यानंतर आठ वर्षं, दर दिवाळीला, शिंप्याकडून त्याच्या मापाचा सदरा शिवून घेतला. "आधी ते सदरे मला मोठे व्हायचे," तुम्ही म्हणालात, "मग माझ्या मापाचे झाले. तरी आईने मला एकही घालू दिला नाही."

मग तुम्ही काओरीकडे बघून म्हणालात, "आणि आता माझी गोष्ट ऐक. जपानवर तो बाँब पडल्याची बातमी आली तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. मी वर्गात गूळ वाटला. तिथेही माझ्याएवढी मुलं असतील हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पुढे मी चौतीस वर्षं इतिहास शिकवला. ना दादाबद्दल बोललो, ना त्या गुळाबद्दल. पुस्तकात होता तेवढा परिच्छेद वाचून दाखवायचो. तेव्हा मला सोपं नाही बाई."

अण्णा, पोटच्या मुलीला नाही आणि दोन परक्या बायकांना सांगितलंत? मला तेव्हा राग आला होता. आज वाटतं, मी तरी कधी विचारलं होतं?

काओरीने पुन्हा पेन उचललं. तिसऱ्या रकान्यात लिहिलं: 'माझे आजोबा युद्धाच्या काळात कुठे होते, मला माहीत नाही. दहा वर्षांची असताना मी विचारलं होतं. ते उठून झाडांना पाणी घालायला गेले. मी पुन्हा विचारलं नाही.'

मिन-जंग ते वाचत राहिली. मग तिने कागद स्वतःकडे ओढला. तिच्या रकान्यात काओरीने लिहायचं ठरलं होतं, पण हे तिने स्वतःच लिहिलं: 'माझ्या वडिलांचं नाव जपानी शिपायांना आमच्याच गावच्या प्रमुखाने दिलं. तो वडिलांचा सख्खा काका होता. हे मी माझ्या मुलीला सांगितलेलं नाही.'

कुणी कुणाच्या गळ्यात पडलं नाही. चहा गार झाला होता, मी पुन्हा केला. जाताना दोघी एकत्र बाहेर पडल्या, एवढंच.

इथपर्यंत लिहिणं सोपं होतं. पुढचं माझं आहे.

दुसऱ्या दिवशी रविवारी काओरीचा नवरा आला. कोट-टाय घालून. दारातच उभा राहिला, आत या म्हटलं तरी आला नाही. "तुमच्या वडिलांचा हेतू चांगला आहे. पण माझ्या घराबद्दलचा कागद शाळेच्या भिंतीवर लागू नये, अशी विनंती आहे." अतिशय नम्रपणे. शिरीष कारखान्यात त्याच्याच हाताखाली होता आणि आमचं इथे राहायचं परमिट त्या नोकरीवर. शिरीष काही बोलला नाही. मी बोलले.

"अण्णा, पुरे झालं. आपण परक्या देशात राहतो. त्यांचं ते बघतील. आपल्याला काय करायचंय?"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. रागावला असतात तर बरं झालं असतं! "घर तुझं आहे, मंजू," म्हणालात. "पण कागद माझा नाही आणि तुझाही नाही. त्या दोघींना विचार."

मी विचारलं. काओरी म्हणाली, "नका लावू." मिन-जंगने कागदाची घडी घातली. आता ती तो फाडणार असं मला वाटलं. काओरीने हात पुढे केला, "मला देशील? मी नीट ठेवीन." आपल्या वडिलांची तुटलेली बोटं आणि आपल्या घरातली लाज त्या हातात द्यायची? मिन-जंगने घडीवरून एकदा बोट फिरवलं. मग तिने कागद दिला.

भिंत कोरीच राहिली. मुली महिन्याभरात आपणहून बोलायला लागल्या, पण तुम्ही वाचनालयात जायचं कमी केलंत. ऑगस्टमध्ये मिरजेला परत जाताना विमानतळावर म्हणालात, "मास्तरकी जमली नाही यावेळी." मी हसण्यावारी नेलं. "ग्रँड आहे हो अण्णा," असं इथल्यासारखं म्हणाले, म्हणजे काही बिघडलं नाही. ग्रँड! त्या दिवशी तुम्हाला जवळ बसवून गणूकाकाबद्दल एक प्रश्न विचारला असता तर? फोनवर दोन वर्षं आपण हवा आणि गुडघेदुखी बोललो. आणि मार्चमध्ये शेजारच्यांचा फोन आला.

आता काल काय झालं ते सांगते.

काओरी उन्हाळ्यात जपानला गेली होती. तिने आईसमोर तो कागद ठेवला आणि आजोबांबद्दलची 'मला माहीत नाही' ही ओळ दाखवली. आई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली. काओरीचे आजोबा कोरियात होते, अण्णा. शाळेत. मास्तर होते, तुमच्यासारखेच. मुलं आपल्या भाषेत बोलली की हातावर पट्टी मारायचे. मुलांची नावं बदलून जपानी करायचा हुकूम आला तेव्हा वर्गातल्या कित्येकांना नवी नावं त्यांनीच निवडून दिली आणि हजेरीपटात स्वतःच्या अक्षरात लिहिली. परत आल्यावर ते पुन्हा कधी वर्गात उभे राहिले नाहीत.

"मी परत येऊन सगळ्यात आधी मिन-जंगकडे गेले," काओरी सांगत होती. "तिला म्हटलं, मी माफी मागते. माझ्या जन्माआधीच्या गोष्टीची मागता येते की नाही मला माहीत नाही, पण मागते."

"मग? ती काय म्हणाली?"

"मग तिने तिच्या वडिलांना शाळेत दिलेलं जपानी नाव सांगितलं. घरात ते नाव कुणी उच्चारत नाही. तिने ते माझ्यासमोर उच्चारलं आणि म्हणाली, आता लिही."

"माफ केलं म्हणाली?"

"नाही. म्हणाली, बरं झालं सांगितलंस."

काओरी रडत नव्हती. मीच रडत होते. मी तिला नवऱ्याबद्दल विचारलं. "तो काही बोलला नाही," ती म्हणाली. "पण दोन प्रती त्यानेच काढून आणल्या. एक मिन-जंगला. एक अण्णा-सानसाठी."

तुमची प्रत माझ्यासमोर आहे. तुम्ही हरला नव्हतात, अण्णा! फक्त थोडं थांबायला हवं होतं. नाही, चुकलं. थांबणं तुमच्या हातात कुठे होतं? मीच तुमच्याबरोबर उभं राहायला हवं होतं. त्या रविवारी दारात मी म्हणायला हवं होतं, की हे माझे वडील आहेत आणि ते बरोबर बोलतायत. नाही म्हटलं मी. घाबरले. याची माफी तुमच्याकडे मागायची राहिली, ती आता मागते.

आज सकाळी कुपवाडला आत्याला फोन केला. अठ्ठ्याहत्तर वर्षांची झालीय, ऐकू कमी येतं. मोठ्याने विचारावं लागलं, "आत्या, गणूकाका कसे होते गं?" मग ती म्हणाली, "कोण विचारतंय? मंजू तू? अगं, साठ वर्षांत कुणी विचारलंच नाही. तो शीळ फार छान घालायचा. ये तू. मला सगळं आठवतंय."

अण्णा, मी डिसेंबरमध्ये जाणार आहे. मुक्ताला बरोबर नेणार. तिला मराठी बोलता येत नाही धड, पण सगळं कळतं. आत्या जे सांगेल ते मी तिच्या शब्दांत लिहून घेईन, गोड ते आणि कडू तेही, त्यातलं काही गाळणार नाही. आणि कितीही वेळ लागला तरी आत्याला घाई करणार नाही, हा शब्द देते.

तुमची,
मंजू