फेटा एकट्याला बांधू नये

सर्वांत आधी एक दुरुस्ती, मग बाकीचे.

गेल्या दिवाळीनंतर मी एक मृत्युपत्र लिहून वाशीमच्या कचेरीत नोंदवले. त्याच्या चौथ्या कलमात असे वाक्य आहे : "अकोल्याच्या अंतिम सामन्यात सेवादासने डाव्या कोपऱ्यात धरलेला पाय सोडला व त्यामुळे ढाल गेली, सबब त्यास मैदानावर कसलाही हक्क राहणार नाही." हे वाक्य खोटे आहे. समोरचा गडी सुटला तेव्हा सेवादास कोपऱ्यात नव्हता. तो बाद होऊन रेषेबाहेर बसला होता. ते मृत्युपत्र त्या वाक्यासह मी रद्द करते. कोणाकडे त्याची नक्कल असेल त्याने ती फाडून टाकावी, किंवा निदान तिच्यावर हे लिहून ठेवावे.

मी रुख्मिणी, कै. जानराव इंगोले यांची मुलगी, विधवा, वय चोवीस, राहणार अनसिंग, तालुका वाशीम, जिल्हा अकोला. माझ्या पोटात गाठ आहे. पुढच्या बुधवारी, १२ तारखेला, नागपूरला ती कापून काढणार आहेत. डॉक्टरांनी धीर दिला आहे, पण मी विचारले तेव्हा त्यांनी हातही धुऊन घेतले आणि उत्तरही जरा उशिराने दिले. म्हणून शुद्धीवर असताना, कोणी सांगितले नसताना आणि कोणी अडवत असतानाही, हे लिहीत आहे. अक्षर माझे आहे. शाळेत मी गेले नाही. वडिलांनी आमच्या जिनमधल्या कापसाच्या गठाणींवरच्या काळ्या शाईच्या खुणा दाखवून मला अक्षरे शिकवली, त्यामुळे माझा 'ज' मोठा येतो. त्यावरून कोणी शंका घेऊ नये.

कलम १. जिन वडिलांनीच माझे चुलतभाऊ बबनराव यांना दिले आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझ्या नावे राहते घर आणि जिनच्या मागचे मैदान, एवढेच आहे.

कलम २. खरे तर इथे मैदान यायचे होते. पण माझी आत्या गोजराबाई शेजारी बसली आहे आणि ती म्हणते, "बाईमानसानं हुतूतूचं मृत्युपत्र करावं, हे म्या आजवर ऐकलं नाई. भांडेकुंडे तं लिही आधी, रुखमे!" म्हणून लिहिते. घरातली सर्व तांब्यापितळेची भांडी, मोठा हंडा धरून, आणि माझी लुगडी आत्याला. आत्याने लुगडी नेसावीत, पेटीत ठेवू नयेत. माझ्या सासरहून आलेली एक चांदीची वाटी आहे, ती सासरी परत पाठवावी. तिथे मी सात महिने होते. पटकीच्या साथीत ते गेल्यावर मला कोणी ठेवून घेतले नाही, पण वाटी त्यांची आहे.

कलम ३. आता मैदान. आधी संघाबद्दल लिहावे लागेल, कारण कचेरीतल्या माणसाला हे ठाऊक नसेल.

वडिलांना कापसापेक्षा हुतूतूचे वेड जास्त होते. जिनच्या हंगामात ते चांगले गडी पगारावर आणून ठेवत. काम नावाला; खेळणे हेच काम. पुसद, हिंगोली, कारंजा, जिथे सामने असतील तिथे आमचा संघ जाई आणि बहुतेक जिंकून येई. अकोल्याची ढाल मात्र कधीच आली नाही. चार वेळा आम्ही शेवटच्या सामन्यापर्यंत गेलो आणि चारही वेळा हरून आलो. वडील दर वेळी म्हणत, एक मोठा गडी कमी पडला. मग पुसदकडून दौलतसिंगाला आणले. त्याच्यासारखी चढाई मी कोणाची पाहिली नाही. तरी पुन्हा तेच. वडील गेले त्या दिवशीसुद्धा त्यांनी दौलतसिंगापेक्षा मोठा कोणी कुठे आहे का, हेच विचारले.

मी हे सर्व माडीच्या खिडकीतून पाहत आले. खाली जाणे बरे दिसत नाही. परगावचे सामने पाहायला तर मिळतच नाहीत. पण सरावाचा खेळ वरून जसा दिसतो तसा खालच्याला दिसत नाही. खालचा माणूस चढाई करणाऱ्याकडे पाहतो. वरून बाकीचे सहाही दिसतात.

मला जे दिसले ते सांगते. मी चुकत असेन तर सांगणाऱ्याने मला नागपूरला जाण्याआधी सांगावे. दौलतसिंग चढाईला गेला की आमचे सहा गडी खेळणे थांबवून बघत उभे राहतात. तो परत आला की गावातला कोणी ना कोणी शौकीन रेषेपाशी येऊन त्याच्या डोक्याला फेटा बांधतो. आमच्याकडची रीतच आहे. पण पाय धरणाऱ्याला फेटा मिळाल्याचे मी कधी पाहिले नाही. सेवादास डाव्या कोपऱ्यात मातीत पालथा पडून घोटा धरी, त्याच्या अंगावर चार जण कोसळत, समोरचा बाद होई, आणि उठल्यावर अंग झाडून तो पुन्हा कोपऱ्यात जाई. फेटा बांधणारा तोवर दौलतसिंगाशी बोलत असे. हळूहळू बाकीच्यांनी मातीत पडणे सोडले. त्यांचे चुकले असे मी म्हणत नाही. पगार सारखा, मार यांना आणि फेटा त्याला.

एका माणसाच्या जोरावर शेवटच्या सामन्यापर्यंत जाता येते. तिथे गेल्यावर समोरही तसाच एक माणूस असतो. मग दोघांची फिटंफाट होते आणि सामना उरलेल्या सहांवर येतो. आमचे सहा तोपर्यंत बघे झालेले असतात. एवढेच कारण आहे असे मला वाटते. मोठा गडी कमी पडला नव्हता.

कलम ४. गेल्या वेळी अकोल्यात काय झाले ते मी स्वतः पाहिले नाही. संघ परत आला त्या संध्याकाळी बबनदादा ओट्यावर बसून एवढेच म्हणाले, "डावा कोपरा गेला, रुखमा. डाव्या कोपऱ्यातून सुटला त्यांचा गडी." सेवादासचे नाव त्यांनी घेतले नाही. डावा कोपरा म्हणजे सेवादास, हे मी माझ्या मनाने धरले आणि कागदावर लिहिले. बबनदादांनी तो कागद वाचला आणि तसाच परत दिला. मग कागदातले गावात गेले, गावातून सेवादासच्या बंजारा तांड्यावर गेले आणि त्याला संघातून काढले. आता तो जऊळक्याकडे रस्त्यावर खडी फोडतो.

गेल्या आठवड्यात त्याची बायको हिरीबाई जिनमध्ये कापूस निवडायला आली होती. ती माडीच्या पायऱ्या चढून थेट माझ्या दारात उभी राहिली.

"ताई, तुमी कागदावर माह्या मानसाचं नाव लिवलं म्हन्ते. काहून?"

मी म्हटले, "डाव्या कोपऱ्यातून गडी सुटला ना?"

"सुटला. पन कोपऱ्यात उभा कोन होता? माहा मानूस तं बाहीर मांडी घालून बसून होता. इचारा अमरसिंगाले."

अमरसिंग आमचा उजव्या कोपऱ्याचा गडी. मी त्याला ओट्यावर बोलावले. त्याने पागोटे काढून मांडीवर ठेवले आणि बराच वेळ त्याच्याकडेच पाहत बोलला.

संजीवनी प्रकारात असे असते की समोरचा एक बाद झाला की आपला एक बाद गडी उठून पुन्हा आत येतो. जो आधी बाद झाला तो आधी उठतो. अकोल्यात शेवटी शेवटी सेवादास बाद झाला आणि त्याच्यामागून दौलतसिंग बाद झाला. मग अमरसिंगाने समोरच्यांचा एक गडी धरला. पाळी सेवादासची होती.

"सेवादास उठत होता, ताई. तेवढ्यात दौलतदादा उठला. लोकंबी ओरडून राह्यले होते, दौलत, दौलत. सेवादास अर्धा उठला आन् बसला."

"काहून बसला?"

"दौलतदादाच्या पुढं कोन उठते?"

"पंचांनी पाहिले नाही?"

"त्या गर्दीत कायचं पाह्यतात! पन त्यांच्या कप्तानानं पाह्यलं. त्याचा गडी बोंब मारनार होता, तं त्यानं हात धरला त्याचा. म्हने, उठू दे त्याले. तो आला म्हंजे कोपरा रिकामा."

तसेच झाले. डाव्या कोपऱ्यात दौलतसिंग उभा राहिला. समोरचा चढाईला आला. दौलतसिंग पायासाठी कधी वाकलेलाच नव्हता. त्याने खांद्याला हात घातला. खांदा घामाने निसटला आणि ढाल गेली. ज्या कप्तानाने आमचा संघ जन्मात दोनदा पाहिला त्याला हे कळले. आम्हाला इतकी वर्षे कळले नाही.

"मंग इतके दिवस बोलला काहून नाई तू?" मी आमच्याच भाषेत विचारले, कारण मला राग आला होता.

अमरसिंग म्हणाला, "सेवादासच नाई बोलला, तं म्या काय बोलू?"

कलम ५. सबब माझ्या मागे मैदान सेवादास, अमरसिंग, दौलतसिंग आणि संघातले इतर चार गडी, अशा सातांच्या नावे सामाईक व्हावे. कोणाला आपला वाटा वेगळा काढता येणार नाही, विकताही येणार नाही. कप्तान सेवादास राहील. तो नको म्हणेल, तरी राहील. मैदानावर कोणालाही एकट्याला फेटा बांधू नये. कोणा शौकिनाला बांधायचाच असेल तर सात आणावेत, नाहीतर घरी जावे. बबनदादांना ही अट पटणार नाही. हिंगोलीचा कोणी नवा गडी आणायचे त्यांनी ठरवले आहे असे ऐकते. त्यांनी अवश्य आणावा, पण त्याला आधी एक हंगाम कोपऱ्यात उभा करावा.

कलम ६. दौलतसिंगाबद्दल माझ्या मनात वाईट नाही. लोक ओरडले म्हणून तो उठला. त्याची फेट्यांची ट्रंक आमच्या माडीवर आहे, ती त्याची त्याला द्यावी. वडिलांचा मोठा आरसा त्याला आवडतो, तोही द्यावा. आत्या हसते आहे. मी हे टोमण्याने लिहिलेले नाही. आरसा चांगला आहे.

कलम ७. घर आत्या असेपर्यंत आत्याचे, नंतर संघाचे. माझी माडीवरची खोली मात्र लगेच गड्यांना झोपायला द्यावी. कुलूप लावू नये. पावसाळ्यात सराव बंद असतो, तेव्हा या घरात दिवसच्या दिवस कोणाचा आवाज नसतो. आत्याला ऐकू कमी येत असल्याने ती बोलत नाही आणि मी कोणाशी बोलणार, म्हणून बोलत नाही. मग आश्विनात पहिल्या दिवशी खालून "हुतूतूतू" ऐकू आले की मी खिडकी उघडते. मला त्यांच्यापैकी कोणी ओळखते असे नाही. ताई म्हणतात, मान खाली घालून जातात. पण कोण पडला, कोणाचा दम तुटला, कोण कोणाला शिवी देतो, हे मला पडद्याआडून कळते. वर्षातले तेवढे दिवस मी माणसांत असते. त्या खोलीत आवाज राहावा.

कलम ८. पोस्टातली शिल्लक आधी नागपूरच्या खर्चाला, उरेल ती मैदानाच्या मातीला. व्यवस्था पाहायला जिनमधले तोलाईचे कारकून इंद्रभान यांना नेमते.

वरील सर्व मी पुन्हा वाचले. खाडाखोड दोन ठिकाणी आहे, तिथे माझी सही आहे.

स्थळ : अनसिंग. दिनांक ४ फेब्रुवारी १९५८, मंगळवार.
सही : रुख्मिणी जानराव इंगोले

साक्षीदार :
१. इंद्रभान, तोलाईचे कारकून, अनसिंग (सही)
२. हेमसिंग, रेल्वेत पॉइंट्समन, अनसिंग (निशाणी अंगठा)

अमरसिंगाला मैदानात वाटा आहे आणि आत्याला भांडी, म्हणून त्या दोघांना साक्षीला घेता आले नाही. आत्या रागावली आहे.

सह्यांनंतर वाढवलेला मजकूर, साक्षीदारांसमोर :

सह्या झाल्यावर मी हिरीबाईला खालून बोलावले आणि पहिली दुरुस्ती तिला वाचून दाखवली. मला वाटले ती समाधान मानेल. तिने विचारले, "हा कागद लोकायले कवा वाचून दाखवतीन?"

मी म्हटले, "मी गेल्यावर."

"आन् तुमी बऱ्या होऊन आल्या तं?"

मी कागदाची घडी घातली.

ती म्हणाली, "मंग आमी काय तुमच्या मरनाची वाट पाहावं, ताई? तसं मनात आनाले लावू नका मले. तुमी जगा. पन माह्या मानसाचं नाव कायले कागदात कोंडता?"

इंद्रभान म्हणाले की नोंदणी होण्याआधी मृत्युपत्र वाचून दाखवण्याची रीत नाही. रीत नसेल. पण चुकीचे वाक्य मी जिवंतपणी लिहिले आणि ते जिवंतपणीच पसरले. ते मागे घेण्यासाठी माझ्या मरणाची गरज पडू नये. म्हणून कलम एकच्या आधीची दुरुस्ती आणि कलम चार, एवढा भाग मी स्वतः सेवादासच्या तांड्यावर जाऊन, तांड्याचे नायक रामसिंग यांच्यासमोर, मोठ्याने वाचणार आहे. बबनदादांना आणि दौलतसिंगाला तिथे येण्याचा निरोप हेमसिंगाबरोबर आजच पाठवला आहे. ते आले नाहीत तरी वाचीन. खडीचे काम बंद असते त्या दिवशी सेवादास घरी असतो, असे हिरीबाई सांगते. तो दिवस रविवार, दिनांक ९ फेब्रुवारी १९५८.