पुढची खोली कावेरीबाईची

मी अख्तरी, जहांगीर शिलाईवाल्यांची बेवा, वय सहासष्ट, राहणार लातूर, पुऱ्या शुद्धीत हे मृत्युपत्र करते. खात्री नसेल तर माझ्या मुलाने, मुनीबने, डॉक्टरला विचारावे. मी सांगते, वकीलसाहेब लिहितात. मध्ये कुणी बोलायचे नाही.

१. घराच्या तिन्ही खोल्या माझ्या नावावर आहेत. मागच्या दोन मुलगा मुनीब व मुलगी जेबा यांनी शरीयतप्रमाणे वाटून घ्याव्यात.

२. रस्त्याकडची पुढची खोली माझ्यासोबत शिवणकाम करणाऱ्या कावेरीबाईला. आमच्यात वारसांबाहेर तिसऱ्या हिश्श्यापर्यंत देता येते, त्याला पोराची सही लागत नाही. सहा शिलाई मशीन तिच्याच कमाईची आहेत. मुनीबला तिथे कोचिंगच्या पोरांचे होस्टेल करायचे आहे. जुम्म्याला त्याने खोलीला कुलूप घातले, शिवायला येणाऱ्या बारा बायका ओट्यावर उन्हात बसल्या. अरे, होस्टेलांच्या गाद्यांच्या खोळी शिवूनच तुझी फी भरली ना! कुलूप काढ.

३. प्रत्येक मशीनवर दोघींनी आळीपाळीने बसावे: एक भूकंपाच्या गावातली, एक आमच्या गल्लीतली. सुरुवातीला गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "बाहेरच्यांना काम, अन् आम्ही काय माशा मारायच्या?" बरोबरच होतं त्यांचं. ही जोडी कुणी मोडू नये.

४. आता कबुली. भूकंपात नवरा आणि लेक गेल्यावर कावेरी किल्लारीकडून माझ्याकडे आली. महिन्याभरात तिचा हात माझ्यापेक्षा साफ बसला. मग भूकंपग्रस्तांची यादी करणारे दारात आले. "तिकडचं कुणी राहतं का इथं?" ती नळावर गेली होती. मी म्हणाले, "न्हाई." नव्या गावात घर मिळालं तर ती जाईल, माझा धंदा बसेल, एवढीच भीती. यादीत नाव नाही म्हणून तिला घर मिळालं नाही. चौदा वर्षं ती कचेरीला शिव्या घालते अन् मी मान डोलावते. लाज वाटते मला. तिचं घर मी बुडवलं, त्याबदली ही खोली.

५. चौथे कलम माझ्या मागे वाचावे, असे इथे लिहिले होते. वकीलसाहेब, ती अट खोडा. ती बाहेर ओट्यावर आहे. तिला आत बोलवा, तिच्यासमोर वाचा, मग मी सही करते.

वकिलांचा शेरा: वरील मजकूर कावेरीबाईंसमोर वाचला. त्या म्हणाल्या, "खोली घेते, आपा. माफ केलं म्हणून न्हाई. माझी हाय म्हणून." त्यानंतर अख्तरीबींनी सही केली.

सही: अख्तरी
साक्षीदार: १. ग्यानोबा, किराणा दुकानदार २. शरणम्मा, शेजारीण (अंगठा)
लातूर, १७ मार्च २००८