एकाच पातेल्यातलं औषध

प्रिय वेनिंग,

आज दुपारी कर्सो आजोबांच्या घरचं पातेलं पाहिलं आणि तिथंच माझं डोकं फिरलं.

थकल्या म्हाताऱ्यांना बळ येतं का पाहायला तू गावात निम्म्यांना रानहळदीचा अर्क दिलास, निम्म्यांना रंगीत पाणी. त्या सगळ्यांनी मिळून आपापल्या बाटल्या या एका पातेल्यात ओतल्या.

“शेजाऱ्यानं पाणी प्यायचं आणि आम्ही औषध? रोज वाटून घेतलं,” आजोबा म्हणाले. “तूही घे घोटभर. कॉलेज सोडल्यापासून सुकलायस.”

मी ओरडलो. ते हसले.

तुझा अभ्यास आता पहिल्यापासून करावा लागेल. म्हणजे तू योग्याकार्ताच्या विद्यापीठात न जाता इथंच राहशील, म्हणून मला आधी आनंदच झाला. त्याची लाज वाटते.

हे कागदावर कळवायचं नाही. तुझी बस सुटायच्या आत समोर येऊन सांगतो. पत्र इथंच ठेवून, दार ओढून निघतो.

तेजो