वसू, तो काढा काहून प्यायलीस?

प्रिय वसू,

सवयीनं आधी 'चि.' लिहिलं, मग खोडलं. तुला जाऊन वर्ष झालं. संस्कृतच्या मास्तरानं त्या अक्षराचा अर्थ विसरावा, हे काही बरं दिसत नाही.

आज लिहायला बसलो ते तिवारी भाभींमुळे. मागच्या गल्लीतल्या. सकाळी फाटकाशी उभ्या. त्यांच्या यजमानांना दोन महिन्यांपूर्वी किडनी बसवली, धाकट्या भावाची. म्हणाल्या, "पंडितजी, आपके नीम पर गिलोय चढ़ी है न? दो-चार डंडी दे दीजिए, काढ़ा बना दूँगी. इनको ज़रा ताक़त आ जाए."

मी कोयता घेऊन गुळवेलीखाली गेलो आणि हात वर उठेना. "भाभी, कल आइए," एवढंच म्हणालो. का, ते सांगितलं नाही. घरात येऊन दार लावलं आणि तुझ्यावर चिडलो.

हो, तुझ्यावरच! मेलेल्यांवर चिडू नये असं कोणत्या ग्रंथात लिहिलंय? मी बरेच वाचलेत, मला तरी सापडलं नाही.

आपल्या दोघांच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी ऐटीत म्हणालो होतो, "सख्ख्या भावाचं वृक्क आहे, तुझं शरीर हसत हसत घेईल." तू म्हणालीस, "वृक्क म्हण नाहीतर किडनी म्हण, दादा. शरीराला तुझं व्याकरण समजत नाही. नातंही समजत नाही."

घरी आल्यावर तुझ्या स्वयंपाकघरात तू मला वर्गच भरवून दाखवलास. अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवणारी बाई, आजारी पडली तरी शिकवल्याशिवाय थोडीच राहणार?

"आईच्या पाटल्या घेऊन सराफ्यात गेलो होतो, आठवते? त्या म्हाताऱ्या सोनारानं पाटली धड पाह्यली पण नाही. कसोटीवर एक रेघ ओढली अन् रेघ पाह्यली. शरीरात तसंच. पेशी आपल्या आतल्या प्रथिनांचे बारीक तुकडे करते अन् तबकात ठेवून बाहेर धरते. टी-पेशी येते, तबक चाचपते. घरचा तुकडा असला तर चलो, पुढे. जंतूचा असला तर बोंब! काही पेशींची तर नोकरीच ती. जंतू गिळायचा, कापायचा, अन् तुकडा घेऊन टी-पेशींना दाखवत फिरायचं."

"अन् माझी किडनी? ती काय जंतू आहे?"

"तबकाची घडण माणसागणिक वेगळी असते, दादा. तुझी-माझी अर्धी जुळते. उरलेली अर्धी पाहून माझ्या टी-पेशी म्हणून राहिल्या, हे कोण बुवा?"

"अगं, पण तू बहीण आहेस ना माझी!"

"मी आहे. त्या नाहीत."

मी विचारलं, आपलं-परकं त्यांना शिकवतो कोण? छातीच्या हाडामागे थायमस नावाची शाळा असते म्हणालीस. आपल्याच घरावर धावून जाणाऱ्या बहुतेक पेशी तिथे नापास होतात, आणि नापास म्हणजे मरतात. "आमच्या पाठशाळेत एवढं कडक नाही," मी म्हणालो. "ते तुझ्या पोरांकडे पाह्यलं की समजतेच," तू म्हणालीस.

मग डबीतल्या गोळ्या दाखवल्यास. "ह्या माझ्या टी-पेशींना पेंगवायला. जन्मभर. ह्या पेंगल्या तरच तुझी किडनी नांदते."

बस. वर्ग तिथेच सुटला. आणि नेमकं पुढचं एक वाक्य तू बोलली नाहीस. काहून बोलली नाहीस?

दुसऱ्या दिवसापासून मी थर्मास घेऊन हजर! गुळवेलीचा काढा. गुडूची, अमृता, छिन्नरुहा. एकेका नावाची फोड करून सांगत मी तुझ्यासमोर खुर्ची टाकून बसायचो. ज्या वेलीला अमृता म्हणतात ती बाधेल कशी? एवढी माझी अक्कल! "शेवटचा घोट राहिला, वसू." तू तोंड वाकडं करून प्यायचीस. मला वाटायचं, कडू लागतो म्हणून.

चार महिन्यांत किडनी रुसली. ती वाचवायला गोळ्यांचा डोस वाढवला, सगळी फौज पार निजली, आणि फुप्फुसात संसर्ग शिरला तेव्हा जागं कोणीच नव्हतं. डॉक्टरांनी काढ्याचं ऐकलं तेव्हा डोक्याला हात लावला. नुसत्या काढ्यानंच झालं असं छातीठोक सांगता येणार नाही, म्हणाले. पण अशा रोग्यानं प्रतिकार चेतवणारं काही घेऊच नये. झोपवायला गोळ्या आणि उठवायला काढा! एकाच पोटात!

मी इतके दिवस स्वतःची समजूत घालत होतो की बिचारीला माहीत नव्हतं. आणि मागच्या महिन्यात तुझ्या वर्षश्राद्धाला तुझी मनू, तिच्या नेहमीच्या हिंदीत, सहज बोलून गेली. खिडकीतला मनी प्लांट केवढा माजलाय, असं मी म्हणालो, त्यावर.

"माजेल नाही तो क्या, मामा? जिस दिन आप खुद नहीं आते थे, सिर्फ़ थर्मस भिजवा देते थे, आपका काढ़ा वही पीता था."

"आणि मी यायचो त्या दिवशी?"

"उस दिन आप सामने बैठे रहते थे ना." मग खाली बघत म्हणाली, "मैंने बोला था मम्मी को, मना कर दो. मम्मी बोली, उसने किडनी दी है, अब काढ़े को किस मुँह से मना करूँ?"

वसू! म्हणजे तुला माहीत होतं?

मी काय किडनीसोबत तुझ्या तोंडाला कुलूपही दिलं होतं? लहानपणी माझ्या हस्ताक्षराला, माझ्या शेंडीला, माझ्या सासुरवाडीला नावं ठेवणारी तू! भेडाघाटच्या नावेत शंभर माणसांत "दादा, तू बेसूर आहेस" म्हणून माझं स्तोत्र बंद पाडणारी तू! तुला "हा काढा घेऊन घरी जा" एवढं म्हणता आलं नाही? थर्मास माझ्या डोक्यात घालायचा होतास. मी दोन दिवस रुसलो असतो. तू असतीस.

संकोच परक्याचा करतात, वसू. तुझ्या टी-पेशी निदान सरळ होत्या. जे परकं वाटलं त्याला तोंडावर परकं म्हणाल्या. तू मात्र मला पाहुण्यासारखं वागवलंस, तेही मी तुला माझ्या शरीराचा तुकडा दिल्यावर!

आणि मी? चार महिन्यांत मी आलो नाही असे दिवस हाताच्या बोटांवर मोजता येतील. तेवढेच दिवस मी तुझ्या कामी आलो. एकदा तरी विचारावं ना माणसानं, डॉक्टरांना नाही तर निदान समोर बसलेल्या जीवशास्त्राच्या बाईला? नाही. मी तिला शब्दांची फोड ऐकवत होतो. तुझ्यावर ओरडलो की आवाज फिरून माझ्याच अंगावर येतो, म्हणून अजून मोठ्यानं ओरडतो.

मनू आणि ते डॉक्टर सोडले तर काढ्याचं कोणालाही ठाऊक नाही. गल्लीत अजूनही मी बहिणीला किडनी देणारा थोर भाऊ आहे. सकाळी भाभींसमोर हात उठला नाही, आणि जीभही उठली नाही, ती त्याच थोरपणापायी.

तर ऐक. उद्या त्या यायच्या आत मीच त्यांच्याकडे जाईन, रिकाम्या हातानं. दोघा नवराबायकोंना समोर बसवून सांगेन की मी हा काढा माझ्या बहिणीला पाजला, तिच्यासमोर खुर्ची टाकून पाजला, आणि ती नाही म्हणाली नाही. तबकाचं, सोनाराचं, सगळं तुझ्यासारखंच समजावीन. आणि तिवारीजींना बजावीन, तुमचा भाऊ काही घेऊन आला तर आधी त्याला दाराबाहेर उभा करा, डॉक्टरांना विचारा, मग आत घ्या. रुसला तर रुसू द्या.

मनी प्लांट मी घरी आणलाय. त्याला साधं पाणी घालतो.

तुझा, निम्मा जुळलेला,
दादा